गिल्ड वॉर्स २ : बहीण-भाऊ मिळून सुरुवात करतोय, कोणता क्लास घ्यावा?

उलव्याचा_उल्लू

नमस्कार मंडळी. मागे पीसी असेंबल करण्याच्या धाग्यावर इथे बरेच गेमर दडलेले दिसले, म्हणून हा धागा काढायचं धाडस करतोय.

मी उलव्यात, धाकटी बहीण लग्न होऊन ठाण्यात, घोडबंदर रोडला. अंतर काही फार नाही, पण माझ्या शिफ्टा आणि तिचं दोन वर्षांचं पोरगं. भेट होते ती गौरी-गणपतीला, नाहीतर कुणाच्या बारशाला. म्हणून ठरवलं की पोरगं झोपलं की रात्री तासभर दोघांनी ऑनलाइन काहीतरी खेळायचं. लुडो खेळून झाला, त्यात इतकी भांडणं झाली की आईला मध्ये पडावं लागलं. आता असं काहीतरी हवंय ज्यात दोघं एकाच बाजूला असू. 'गिल्ड वॉर्स २'चा मूळ गेम फुकट आहे, महिन्याची वर्गणीही नाही, म्हणून तो ठरला.

कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरच अडकलोय. नऊ क्लास, म्हणजे लढवय्यांचे प्रकार. फुकट खात्यात कॅरेक्टरच्या जागा दोनच. फिफा आणि काउंटर-स्ट्राइक सोडलं तर मला कसलाही अनुभव नाही. दोघांसाठी कोणती जोडी बरी पडेल? लढाईत नेमकं काय सांभाळायचं? आणि लेव्हल ८० गाठायला मरमर करावी लागते का? लॅपटॉप साधाच आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

कोपरीचा_पूल

नेक्रोमॅन्सर. विषय संपला.

ठाण्याची_ठमी

दादा, तू धागा काढलास?? मला विचारायचंस तरी आधी. मी कॅरेक्टर बनवून मोकळी झाले. वंश चार, क्लास इंजिनिअर. शिंगं असलेली भलीमोठी मांजर आहे आणि तिला फ्लेमथ्रोअर मिळतो. आता तुझं तू बघ.

नेरूळ_वेस्ट

आधी वाटलं चार कॅरेक्टरं बनवली. जागा तर दोनच आहेत म्हणे.

तलावपाळी

पूलसाहेबांनी विषय संपवला असला तरी जरा सविस्तर लिहितो.

उल्लूभाऊ, आधी एक खुलासा. नऊपैकी रेव्हनंट फुकट खात्यावर मिळत नाही, त्याला एक्सपान्शन (गेमचा वाढीव भाग) विकत घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्यापुढे आठच.

इतर एमएमओंत (हजारो लोक एकत्र खेळतात त्या ऑनलाइन गेमांत) एकाने मार खायचा, एकाने बरं करायचं, बाकीच्यांनी हाणायचं अशी वाटणी असते. इथे उघड्या जगात फिरताना तिची गरज पडत नाही. प्रत्येक क्लासला स्वतःचं हील आहे (६ नंबरचं बटण) आणि प्रत्येकाला डॉज (कोलांटी मारून फटका चुकवणं) आहे. त्यामुळे "तू हीलर हो, मी टँक होतो" या चर्चेत रात्र घालवू नका. पहिली पाच स्किलं तर क्लासइतकीच हातातल्या हत्यारावर ठरतात. तोच वॉरियर ग्रेटसोर्ड घेऊन अंगावर जातो आणि रायफल घेऊन लांबून टिपतो. कंटाळा आला की हत्यार बदला, कॅरेक्टर उडवायची गरज नाही.

आता कुणाला काय झेपेल. नेक्रोमॅन्सरचं मूळ रक्त (हेल्थ) भरपूर, शिवाय डेथ श्राउड म्हणून जवळजवळ दुसरी हेल्थ पट्टी मिळते. जवळपास काही मेलं की ती भरते. सोबत मिनियन (त्याचे चाकर) लढतात. नवख्याला यात मरायला मेहनत घ्यावी लागते. वॉरियर सरळ माणूस, जड चिलखत आणि भरपूर रक्त. गार्डियनचं चिलखत जड पण रक्त कमी, तो ब्लॉक आणि हीलवर जगतो. रेंजरजवळ पाळीव जनावर असतं, ते मार खातं आणि आपण लांबून बाण मारायचे. थीफ आणि मेस्मर हातखंडा झाल्यावर भारी, सुरुवातीला मेस्मरचं मारणं संथ वाटतं. एलिमेंटलिस्ट दिसायला सगळ्यात देखणा, पण रक्त तळाच्या गटातलं, चिलखत हलकं, लढाईत हत्यार बदलता येत नाही, आणि आग-पाणी-वारा-माती सतत फिरवत राहायचं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये हे माझं मत. लोक भांडतील, भांडू देत.

एलिकॉप्टर

भांडतो. मी पहिलाच एलिमेंटलिस्ट घेतला होता, कोपरखैरण्याच्या सायबर कॅफेत. पाण्यात गेलं की स्वतःला बरं करता येतं, मातीत गेलं की टिकता येतं. चार वेगवेगळे बटणांचे संच मिळतात, तर हत्यार बदलायचंय कशाला? लोक आगीतच उभे राहतात, मरतात, आणि नाव क्लासचं खराब करतात.

तलावपाळी

@एलिकॉप्टर, हे तुम्हाला जमलं. ज्याने आजवर फिफा खेळलाय त्याला चार संच आणि वर डॉज असं सगळं पहिल्या आठवड्यात द्यायचं का, एवढाच मुद्दा आहे.

सायबरम्हैस

रेंजर घे, अस्वल पाळ, लाँगबो घे, लांब उभा राहा आणि दर वेळी शत्रूला ढकलून इतरांच्या हल्ल्याबाहेर पाठव. सर्व्हरवर सगळे तुला आशीर्वाद देतील.

उलव्याचा_उल्लू

@सायबरम्हैस, हे खरं आहे की माझी फिरकी घेताय?

रानवाटा

फिरकीच आहे. 'अस्वल आणि लाँगबो' हा तिथला जुना विनोद. लाँगबोच्या चार नंबरने शत्रू मागे फेकला जातो. बाकीचे ज्याला गोळा करून एकत्र झोडत असतात तो भलतीकडे जाऊन पडतो आणि सगळे वैतागतात. पण एकटं किंवा दोघंच फिरत असाल तर त्यात काहीही वाईट नाही. अस्वलाचं रक्त जास्त, ते पुढे उभं राहतं. लाँगबोचा पहिला बाण तर जितका लांबून माराल तितका जास्त लागतो. फक्त चार नंबरचं बटण गर्दीत दाबू नका.

हार्बर_लाईन

क्लासपेक्षा आधी सर्व्हर बघा. उत्तर अमेरिका किंवा युरोप, दोनच पर्याय. आपल्याकडून युरोप घ्यायचा. मला सीवूड्समधून दीडशेच्या आसपास पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) येतो, अमेरिकेला त्याहून बराच जास्त. आणि दोघांनी एकच निवडा, नाहीतर एकमेकांना दिसणारसुद्धा नाही.

नेरूळ_वेस्ट

ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरांच्या इमारतींवर इमारती, आणि आपण जर्मनीतल्या सर्व्हरवर लढायचं. काय म्हणावं.

हार्बर_लाईन

त्या सेंटरांच्या शेजारच्या सोसायटीत राहतो माझा मित्र. त्यांची लाईट कधी जात नाही, याची दर आठवड्याला जाते.

कोपरीचा_पूल

लाईटचा विषय काढू नका, धाग्याचं काश्मीर होईल.

बेलापूरचे_काका

माझं वय ५४, गेम आल्यापासून म्हणजे २०१२ पासून खेळतो, मुलानेच लावून दिला. माझा सल्ला रोखठोक. वॉरियर घ्या, ग्रेटसोर्ड घ्या, आणि ८० होईपर्यंत इकडेतिकडे बघू नका. खरा खेळ ८० नंतर. तोपर्यंत निम्मी स्किलं बंद, लेव्हल चढेल तशी उघडणार. अर्धवट हत्यारांनी लढून क्लास कसा आहे हे कळतच नाही.

रानवाटा

काका, मान राखून असहमत. ८० ही कमाल लेव्हल २०१२ मध्ये होती आणि इतकी एक्सपान्शनं येऊनही तीच आहे. ती कुठे पळून जात नाहीये. दोघा भावंडांना रात्री तासभर गप्पा मारत फिरायचंय, त्यांना धावायला कशाला लावता?

आणि उल्लूभाऊ, मरमर मुळीच नाही. इथे एका लेव्हलला लागणारा वेळ पुढे पुढे डोंगरासारखा वाढत जात नाही, बऱ्यापैकी सपाट राहतो. शिवाय अनुभवाचे गुण फक्त मारामारीचे नसतात. नवी जागा सापडली की गुण, वेपॉइंट (नकाशावरून थेट पोचायचं ठिकाण) उघडला की गुण, झाड तोडलं, खाणीतून तांबं काढलं, पडलेल्या अनोळखी माणसाला उठवलं तरी गुण. मी एका कॅरेक्टरचा बराचसा प्रवास स्वयंपाक आणि नकाशा पूर्ण करण्यातच केला. मारायचं असेलच तर आडबाजूला, जिथे बराच वेळ कुणी फिरकलेलं नाही, तिथले प्राणी शोधा. जो प्राणी जास्त वेळ जिवंत आहे त्याचे जादा गुण मिळतात.

ठाण्याची_ठमी

स्वयंपाकाचे गुण मिळतात हे वाचून हसू आलं. मी दिवसभर गुणच गोळा करतेय म्हणायचं, लेव्हल काही चढेना.

बेलापूरचे_काका

@रानवाटा, मान्य, पण मग महिन्याने हेच दोघं म्हणतील की एकाच प्रकारची लढाई आहे. असो. फिरतच जायचं असेल तर एक गोष्ट लिहून ठेवा. हत्यार जुनं झालं की लगेच बदला. मी लोकांना विसाव्या लेव्हलला आठव्या लेव्हलची तलवार घेऊन रडताना बघितलंय. चिलखतापेक्षा हत्याराने फरक जास्त पडतो. गावकऱ्यांची कामं करून जी 'हार्ट' पूर्ण होतात ना, ती झाली की तोच गावकरी कर्मा (गेममधलं एक चलन) घेऊन सामान विकतो. कर्मा साठवून लोणचं घालायचं नाही, तिथे वापरायचा. लाकूड-धातू मात्र विकायची घाई करू नका, बॅगेतून एका क्लिकवर साठ्यात टाकता येतं, अगदी जंगलात उभं राहूनसुद्धा.

खारघर_हिल्स

लढाईबद्दल विचारलं होतं त्याचं उत्तर कुणीच नीट दिलं नाही म्हणून लिहितो. जरा मोठं होईल.

स्किलांच्या वर एक पिवळसर पट्टी दिसते, ती एंड्युरन्स. ती १०० ची, एक डॉज ५० ला. म्हणजे भरलेली असताना दोन डॉज, आणि मग एक डॉज परत मिळायला साधारण दहा सेकंद. डॉज चालू असताना पाऊण सेकंद तुम्हाला काहीही लागत नाही. अख्ख्या गेमची लढाई या पाऊण सेकंदावर उभी आहे. नवीन माणूस काय करतो? लढाई सुरू झाली की घाबरून दोन्ही डॉज उडवतो आणि खरा फटका येतो तेव्हा पट्टी रिकामी.

क्वीन्सडेल नावाच्या नकाशात एट्टिन नावाचे दोन डोक्यांचे धूड आहेत. त्यांच्यासमोर जाऊन सराव करा. त्याचे छोटे फटके खा, त्याने काही बिघडत नाही. मग तो हात वर नेतो, जरा रेंगाळतो, आणि जमिनीवर आपटतो. आपटताना डॉज दाबलात तर उशीर झाला, त्यात आपला दीडशेचा पिंग. हात वर गेला की दाबायचं. पाच-सहा वेळा पडाल, मग हाताला कळतं. हे एकदा जमलं की नेक्रो असो की एलिमेंटलिस्ट, फार फरक पडत नाही. हे नाही जमलं तर वॉरियरचं भरपूर रक्तही पुरत नाही.

दुसरं, जमिनीवरचे गोल. लाल गोल म्हणजे तिथे शत्रूचं काहीतरी पडणार, बाहेर या. त्यासाठी दर वेळी डॉज खर्चू नका, दोन पावलं चाललात तरी पुरतं. पांढरा गोल आपल्याच माणसाचा, त्यातून पळू नका. आणि चालत राहा! बहुतेक स्किलं चालता-चालता मारता येतात, तरी लोक खांबासारखे उभे राहून बटणं बडवतात. वॉरियरचं हंड्रेड ब्लेड्स हा अपवाद, त्यात पाय जखडतात, म्हणून शत्रू आडवा पडला असेल तेव्हाच ते काढायचं.

सेटिंगमध्ये जाऊन 'दोनदा दाबून डॉज' बंद करा. डॉज व्ही बटणावर ठेवा. कड्याच्या टोकाशी उभं राहून चुकून दोनदा दाबलं गेलं की काय होतं ते सांगायला नको.

सायबरम्हैस

खारघरच्या टेकडीवर राहणाऱ्याने कड्यावरून पडण्याबद्दल सांगावं यात वजन आहे.

दिवा_फास्ट

वाचतोय. छान माहिती. मेल्यावर काय होतं? लेव्हल जाते का?

खारघर_हिल्स

@दिवा_फास्ट, काही जात नाही. आधी तुम्ही 'डाऊन' होता, जमिनीवर पडून वेगळी चार स्किलं मिळतात. तेवढ्यात ज्याला तुम्ही मारत होतात तो मेला तर तुम्ही उठून उभे. नाहीच जमलं तर वेपॉइंटवर जायचं, थोडी तांब्याची नाणी जातात. चिलखताचं नुकसान होतं, पण दुरुस्ती फुकट.

दोघं असाल तर यातच खरी मजा. एक पडला की दुसऱ्याने त्याला उचलायला धावायचं की शत्रूला संपवायचं, हे त्या क्षणी ठरवायचं असतं. शत्रूचं रक्त थोडंच उरलं असेल तर त्यालाच संपवा, पडलेला आपोआप उठतो. नवीन जोड्या दर वेळी उचलायला वाकतात आणि दोघंही मरतात.

नौपाडा_नाका

जोडीने खेळणाऱ्यांसाठी अजून. आम्ही नवरा-बायको खेळतो म्हणून अनुभवाचे बोल. इथे लूटमारीवरून भांडण होत नाही. दोघांनी थोडाफार मार दिला असेल तर दोघांना पूर्ण गुण आणि प्रत्येकाची लूट वेगळी. खाण एकाने खणली तरी दुसऱ्यासाठी ती शिल्लक असते. तुमच्या लुडोपेक्षा हे बरं.

आणि एकाची लेव्हल पुढे गेली तरी अडत नाही. मोठी लेव्हल घेऊन खालच्या नकाशात गेलं की गेम तुम्हाला त्या जागेच्या लेव्हलला उतरवतो. तुमची नाईट शिफ्ट असेल त्या आठवड्यात ताई पुढे गेल्या तरी नंतर एकत्र फिरता येतं.

पण वंश दोघांनी एकच घ्या. हे फार महत्त्वाचं. माणूस क्वीन्सडेलमध्ये सुरू होतो, चार प्लेन्स ऑफ अ‍ॅशफर्डमध्ये. फुकट खात्याला सुरुवातीला दुसऱ्या भागांत जायला लेव्हलची बंधनं आहेत. पहिले कित्येक दिवस एकमेकांना नुसते मेसेज करत बसाल.

कोपरीचा_पूल

माणूसच घ्या दोघांनी. क्वीन्सडेलला शॅडो बेहेमॉथ आहे. दर दोन तासांनी येतो, वेळ ठरलेली. आपल्या घड्याळाने रात्री सव्वानऊ आणि मग सव्वाअकरा. दलदलीत आधी पोर्टलं फोडायची, मग तो डोंगराएवढा उभा राहतो. पन्नासेक अनोळखी लोक जमतात, तुम्ही फक्त लाल गोलातून बाजूला राहायचं आणि लांबून मारायचं. त्याची मोठी पेटी दिवसातून एकदा मिळते. दिवस बदलतो आपल्या पहाटे साडेपाचला.

ठाण्याची_ठमी

सव्वानऊला आमच्याकडे कुकरची शिट्टी होत असते. आणि माणूस मी रोजच असते, तिथे पण माणूस कशाला? दादाने मांजर व्हावं.

एलिकॉप्टर

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. शिवाय माणूस घेतला की पहिलंच काम शेतकरीणबाईंच्या मक्याला पाणी घालायचं आणि गुरांना चारा द्यायचा.

उलव्याचा_उल्लू

मक्याला पाणी? हे करायचं तर गावी जाईन, काकांना बरंच वाटेल. ठीक आहे, मांजर.

आता क्लासचं काय? ती इंजिनिअर आहे हे धरून सांगा. पूलसाहेबांचा नेक्रो, काकांचा वॉरियर, आणि अजून काही?

मामलेदार_तिखट

अवांतर: रविवारी दोघांनी ठाण्यात भेटून मिसळ खा आणि तिथेच ठरवा. समोरासमोर भांडणात वेगळी मजा असते.

ठाण्याची_ठमी

@मामलेदार_तिखट, दादाला तिखट झेपत नाही. लहानपणापासून.

उलव्याचा_उल्लू

या धाग्यावर हे लिहायची गरज होती का?

तलावपाळी

मूळ प्रश्नाकडे येतो. इंजिनिअर पक्का असेल तर माझं मत गार्डियन. ताईंच्या फ्लेमथ्रोअरच्या चार नंबरला नेपाम आहे, जमिनीवर आगीची भिंत उभी राहते. गार्डियनच्या ग्रेटसोर्डला एक उडी आहे, लीप ऑफ फेथ. ती आग ओलांडून उडी मारलीत की दोन स्किलं एकत्र जुळतात आणि तुमच्या अंगाभोवती आगीचं कवच येतं. मग जो तुम्हाला मारेल तो स्वतःच भाजतो. असे बरेच जोड गेममध्ये आहेत आणि दोघांनी खेळायची गंमत त्यातच आहे. नेक्रो घेऊन तुम्ही जास्त सुखात राहाल, पण प्रत्येक जण आपापलं मारतोय असं होईल. शिवाय गार्डियनच्या दर पाचव्या फटक्याला शत्रू पेटतो. म्हणजे दोन मांजरं आणि नुसती जाळपोळ.

गार्डियनचं रक्त कमी आहे हे वर लिहिलंच. तेव्हा खारघरकरांचा डॉजचा धडा तुम्हाला जास्त लागू.

कोपरीचा_पूल

गार्डियन चालेल. नेक्रो जास्त चालला असता.

बेलापूरचे_काका

गार्डियनला हरकत नाही. ताईंना एकच सांगणं, इंजिनिअरला लढाईत दुसरं हत्यार काढता येत नाही. त्याऐवजी फ्लेमथ्रोअर, बॉम्ब, ग्रेनेड अशी किट असतात आणि ती उघडायला थोड्या लेव्हल लागतात. तोवर रायफल चालवा. पहिल्याच दिवशी आग दिसली नाही म्हणून कॅरेक्टर डिलीट करू नका.

हार्बर_लाईन

लॅपटॉपचं राहिलंच. ग्राफिक्स कार्ड नसेल तर सेटिंगमध्ये कॅरेक्टर मॉडेल लिमिट आणि क्वालिटी दोन्ही सगळ्यात खाली. मोठ्या बॉसपाशी गर्दी जमते तेव्हा हीच दोन सेटिंगं जीव वाचवतात. सावल्या आणि प्रतिबिंबं बंद. डाउनलोड बराच मोठा आहे, पण सगळा उतरायची वाट बघावी लागत नाही, थोडा उतरला की खेळायला घेता येतो. आणि स्टीमवरून घेणार असाल तर लक्षात ठेवा, स्टीमचं खातं आणि त्यांच्या साइटवरचं खातं वेगळं राहतं. एकदा एकीकडे सुरू केलं की तिथेच.

नेरूळ_वेस्ट

ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू नका एवढंच. आयटीवाले बघतात.

उलव्याचा_उल्लू

ऑफिसचा नाही, घरचाच आहे. :)

सगळ्यांचे आभार. काल रात्री सुरुवात केली. चार गार्डियन, युरोप. हत्यार म्यान केलं की तो चार पायांवर पळतो हे कुणी सांगितलं नव्हतं, अर्धा वेळ नुसता पळण्यातच गेला. अ‍ॅशफर्डमध्ये भुतं आहेत, त्यांच्यातल्या एकाने मला पाडलं आणि ठमी मला उचलायला वाकली. पुढे काय झालं ते खारघरकरांनी वर लिहिलंच आहे.

पुढचा प्रश्न. त्याच नकाशात कॅटाकोम्ब्सचं (भुयारी थडग्यांचं) दार दिसलं, आत दोघांनाच जाता येईल का?

खारघर_हिल्स

स्टोरी मोड लेव्हल ३० ला उघडतो आणि पाच जणांसाठी आहे. त्या वेळी इथे सांगा, मी आणि अजून दोघं येऊ. आमची ८० ची कॅरेक्टरं तिथे खाली उतरतील, काळजी नको.

बेलापूरचे_काका

मी येतो. शुक्रवार सोडून कधीही.

रानवाटा

मीही. पण काका, आत पळायचं नाही. नवीन लोकांना गोष्ट ऐकू द्या.

बेलापूरचे_काका

बघू.

दिवा_फास्ट

फोनवर चालतो का हा गेम?

कोपरीचा_पूल

नाही.